खान्देशातून अंदमान: बोटीत बसून प्राणी-पक्षी बघायचे तर

अंदमानहून परतलेल्या आपल्या माणसाला विचारा, काय काय पाहिलं? सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, स्कूटर भाड्याने घेऊन काढलेले फोटो. आणि प्राणी-पक्षी? "होते की भो, पोपट-बिपट." आठवडाभर समुद्रात फिरून एवढंच. यात त्यांचा दोष नाही. सहलवाल्याने आखलेला कार्यक्रमच तसा असतो: एका दिवसात तीन 'पॉइंट', प्रत्येक ठिकाणी तासभर, आणि मधला बोटीचा प्रवास म्हणजे नुसता मोबाइल चाळायचा वेळ. खरं तर बघण्यासारखं बरंचसं त्या मधल्या प्रवासातच असतं.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच: बेटं कमी करा, बोटीवरचा वेळ वाढवा, आणि वेळापत्रक हॉटेलच्या नाश्त्याच्या सोयीने न ठरवता भरती-ओहोटीच्या आणि जनावरांच्या सोयीने ठरवा. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

आधी महिना ठरवा

दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, आपल्याकडे घर हलतं ते या दोनच वेळांना. अंदमानसाठी दोन्ही अडचणीच्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि ईशान्य मोसमी पाऊसही असतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि तुम्ही एका बेटावर, सामान दुसऱ्या बेटावर अशी गंमत होते. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी तिथेच पोहोचतो, साधारण तिसऱ्या आठवड्यात. आपण इथे पंचेचाळीस अंशात भाजत असतो आणि तिथे छत्र्या उघडलेल्या असतात.

चांगला काळ म्हणजे जानेवारीअखेर ते एप्रिल. शेतकरी घर असेल तर कापूस घरात आलेला आणि गहू अजून ओंबीत, हा मधला मोकळा पट्टा नेमका उपयोगी पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बहुधा शांत असतो, पाणी नितळ असतं आणि उत्तर अंदमानात दिगलीपूरकडे कासवांची पिल्लं बाहेर पडण्याचे दिवसही याच सुमाराला असतात. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा गाठा. दिवाळीलाच जायचं असेल तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस रिकामे ठेवा आणि ते दिवस श्री विजयपुरममध्येच काढा.

हे श्री विजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर. नाव २०२४ मध्ये बदललं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे २०१८ च्या डिसेंबरात झालं. तिथले बोटवाले-रिक्षावाले अजून सर्रास जुनीच नावं घेतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा, नाहीतर जेट्टीवर गोंधळ उडतो.

महिना ठरला की तिथी बघा. घरातली भिंतीवरची दिनदर्शिका इथे जेवढी कामाला येते तेवढं एखादं अ‍ॅपही येत नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस भरती-ओहोटी सगळ्यात मोठी असते. तेव्हा ओहोटीला खाडीचा चिखल लांबवर उघडा पडतो आणि खेकडे, निवट्या (चिखलात सरपटणारे लहान मासे), चिखलपायी पक्षी दिसतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी असते. प्रवाळ बघायला, काचतळाच्या बोटीत बसायला किंवा नळी लावून पाण्यात तोंड घालायला हे दिवस बरे. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एवढं गणित आलं की कुठला दिवस खाडीला द्यायचा आणि कुठला प्रवाळाला, हे घरी बसून ठरवता येतं.

तिकीट काढण्याआधी हतनूर

ही पायरी कुणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. ज्याने कधी हलत्या होडीतून दुर्बीण लावलेली नाही, त्याला अंदमानात पहिले दोन दिवस नुसतं पाणी दिसतं. तो सराव इथे करा, घरच्या पाण्यावर.

भुसावळ तालुक्यात तापीवरचं हतनूर धरण आपल्याला पावसाळ्यात 'एक्केचाळीस दरवाजे उघडले' या बातमीपुरतं माहीत असतं. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर, वर चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत, बदकांचे थवे उतरलेले असतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, लालसरी. नदी सुरय तर पाण्यावर सतत घिरट्या घालत असतात. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रविवारी उजाडायच्या आत काठावर पोहोचा. एखादा मच्छीमार सोबत न्यायला तयार असेल आणि तुमच्याकडे तरंगजाकीट असेल, तरच होडीत बसा. जाकीट नसेल तर काठावरूनच बघा. सराव काठावरही होतो.

तीन गोष्टी शिकायच्या. पहिली, पक्षी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवखा माणूस आधी दुर्बीण लावतो आणि मग पक्षी शोधत बसतो, तोवर पक्षी जळगावला पोहोचलेला असतो. दुसरी, घड्याळाची भाषा. होडीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, मागची बाजू सहा, डावा हात नऊ. "तो बघ, तिथे, त्या झाडाजवळ" हे पाण्यावर काही कामाचं नाही, कारण तिथे झाडच नसतं. "दोनला, पाण्यालगत, डावीकडे चाललाय" म्हटलं की सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळतात. घरातली पोरं हे पाच मिनिटांत शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो, कारण ते "अरे तो, तो" सोडत नाहीत. तिसरी गोष्ट, गप्प बसणं. आपल्याकडे चार माणसं होडीत बसली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी शेवेचं पाकीट फोडतं. तो कुरकुर आवाज पाण्यावरून किती लांब जातो, ते हतनूरला बदकं उठली की कळतं.

सुरयाकडे जरा जास्त वेळ द्या. तो एका जागी पंख फडफडवत थबकतो, चोच खाली, डोकं अजिबात न हलवता, आणि मग दगडासारखा खाली. हा थबकण्याचा क्षण ओळखता आला की समुद्रातही त्याचा उपयोग होतो. लांबवर बरेच सुरय एकाच जागी असे पडताना दिसले की खाली लहान माशांचा थवा आहे, आणि त्या थव्याला खालून रेटणारं कुणीतरी आहे हे समजावं. मोठे मासे असतील, नशीब असेल तर डॉल्फिन.

जायचं कसं

यावर फार लिहीत नाही. श्री विजयपुरमला विमान चेन्नई, कोलकाता, बंगळुरूकडून जातं. आपल्याला मुंबई किंवा पुणे गाठून पुढचं जोडविमान धरणं सोयीचं. भुसावळ हावड्याच्या मुख्य मार्गावर आहे, त्यामुळे रेल्वेने कोलकाता आणि तिथून विमान हाही सरळ रस्ता आहे. मधे एक रात्र मात्र ठेवा, गाडी उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही. चेन्नई-कोलकात्याहून जहाजही जातं, तीन-चार दिवस लागतात. ज्याला समुद्री पक्ष्यांचं वेडच आहे आणि सुट्टी भरपूर आहे, त्याने ते करावं. कुटुंब घेऊन नको.

भारतीय नागरिकाला पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या मुख्य बेटांवर जायला वेगळा परवाना लागत नाही. प्रत्येक बोटीला मूळ ओळखपत्र मात्र लागतं, लहान मुलांचंही. रोख पैसे जवळ ठेवा. लांबच्या बेटांवर नेटवर्क गेलं की ऑनलाइन पैसे देणं तिथेच अडतं.

एक महत्त्वाचं: घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. अंदमान इतकं पूर्वेला आहे की तिथे जळगावपेक्षा तासाभराहून आधी उजाडतं आणि तेवढंच आधी मावळतं. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिवस संपतो. इथल्या सवयीने आठला उठून नऊला आवरलंत तर पक्ष्यांच्या हिशेबाने अर्धी दुपार झालेली असते.

कुठल्या बोटी, कुठली बेटं

*वंडूर.* श्री विजयपुरमपासून तासाभराच्या अंतरावर महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ साली झालेलं, पंधरा बेटांचं. पर्यटकांना त्यातली दोनच खुली, तीही आलटून पालटून: कोरड्या हंगामात जॉली बॉय, बाकीच्या दिवसांत रेड स्किन. सोमवारी बंद असतं. परवाना आधी काढावा लागतो आणि फेब्रुवारीत तो लवकर संपतो, म्हणून पोहोचल्या दिवशीच हे काम उरकून घ्या.

वंडूरच्या जेट्टीवर प्लास्टिकची झडती होते आणि ती नावापुरती नसते. वेफर्स, बिस्किटांचे पुडे, पिशव्या सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. पाण्याच्या बाटलीवर अनामत घेतात, बाटली परत दाखवली की पैसे परत. आपल्याला यात काही जड नाही. स्टीलच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या बाटलीत पाणी. लोक पुडे सोडण्यावरून हुज्जत घालत असतात तोवर तुम्ही बोटीत चांगली जागा धरलेली असते.

जॉली बॉयला जाताना बोट कांदळवनाच्या बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाते. बहुतेक लोक प्रवाळाची वाट बघत बसलेले असतात. तुम्ही दोन्ही काठांवरची सगळ्यात उंच वाळकी झाडं तपासत राहा. वर पांढरं काही दिसलं तर समुद्री गरुड असण्याची शक्यता मोठी. कोकणात याला काकण म्हणतात. उडाला तर शेपूट बघा: आपल्या घारीच्या शेपटीला मधे खाच असते, याची शेपूट पाचरीसारखी टोकाकडे निमुळती आणि पंख वर उचलून धरलेले. पाण्यालगतच्या खडकांवर समुद्री बगळा दिसेल. एक राखाडी, शेजारी एक पांढरा, म्हणून दोन जाती लिहून ठेवू नका. एकाच पक्ष्याची ही दोन रूपं आहेत.

बेटाला धक्का नाही, त्यामुळे मोठ्या बोटीतून लहान काचतळाच्या बोटीत उतरून किनारा गाठतात. प्रवाळ कसं दिसेल याच्या अपेक्षा जरा बेताने ठेवा. फोटोंतले भडक रंग प्रत्यक्षात तसे नसतात, आणि १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्राचं पाणी तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. काही ठिकाणी ते सावरलं, काही ठिकाणी नाही. पण मासे बघायला डोळे पुरत नाहीत. बोटवाल्याला सांगा, एका जागी थांब, फिरवू नको. थांबलेल्या बोटीखाली मासे परत गोळा होतात. पावाचे तुकडे टाकून मासे बोलावणारा कुणी असेल तर त्याला नको म्हणा. ते नियमातही बसत नाही. ऊन डोक्यावर असताना पाण्यात सगळ्यात खोलवर दिसतं, म्हणून पक्ष्यांना सकाळ आणि प्रवाळाला दुपार.

*सरकारी बोट.* श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपला जायला खाजगी वेगवान बोटी आहेत: बंद काचा, वातानुकूलित, दीड-एक तास. सरकारी बोट हळू जाते, आसनं साधी आणि तिकिटासाठी खटपट जास्त. पण तिला उघडा डेक असतो. प्राणी बघायला जाणाऱ्याने निदान एका बाजूला तरी सरकारी बोटच धरावी. बंद काचेतून समुद्र बघणं म्हणजे दुकानाबाहेर उभं राहून जिलेबी खाणं.

डेकवर सावलीच्या बाजूला, कठड्याला टेकून उभे राहा आणि बोटीच्या नाकाने फाटणाऱ्या पाण्याकडे बघत राहा. उडते मासे तिथूनच निघतात. चांदीच्या पातीसारखं काहीतरी पाण्यातून सुटतं, लाटेच्या उंचीवरून सरळ जात राहतं, आणि पडणार असं वाटलं की शेपटीचं टोक पाण्याला लावून पुन्हा उचलतं. पंख म्हणून जे दिसतात ते पसरलेले पर, तो ते हलवत नाही, नुसता तरंगतो. एकदा नजर बसली की मग दर थोड्या वेळाने दिसतात. लहान मुलांना डॉल्फिनचं आमिष दाखवू नका, उडते मासे मोजायला लावा. डॉल्फिन हा नशिबाचा भाग.

*बाराटांग.* इथे जायचं की नाही, हे आधी स्वतःशी ठरवा. रस्ता जारवा या तिथल्या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्याहून ठरलेल्या वेळेला गाड्यांचा ताफा सुटतो. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. हा कायदा आहे आणि त्यात शिक्षा होते. 'जारवा दाखवतो' असं कुणी म्हणालं तर त्याच्या गाडीत बसू नका. आपल्या सातपुड्यात पाड्यावर जाऊन तिथल्या माणसांचे फोटो काढणाऱ्यांची जी चीड येते, तीच इथे लागू.

गेलात तर एका दिवसात परतू नका. सगळे पर्यटक सकाळच्या ताफ्यात येतात, चुनखडीच्या गुहा बघतात आणि दुपारच्या ताफ्यात परत जातात. खरी मजा त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. गुहेकडे जाणारी बोट शेवटी कांदळवनाच्या बोगद्यात शिरते. वर फांद्यांचं छत, दोन्ही बाजूंना मुळांच्या कमानी. जाताना ओहोटी असेल असं बघा. बोटवाले इथे वेगात काढतात. निघण्यापूर्वी, पैसे ठरवतानाच, सांगून ठेवा: आत शिरल्यावर हळू घ्यायची आणि दहा मिनिटं इंजिन बंद करायचं. थोडे पैसे जास्त लागले तर द्या.

इंजिन बंद झालं की पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग चिखल हलायला लागतो. बोटाएवढी निवटी, डोळे कपाळावर, पुढचे दोन पर कोपरासारखे टेकून अंग पुढे ओढते. दुसरी जवळ आली की पाठीवरचा पर ताडकन उभा करते. शेजारच्या भोकातून खेकड्याचा नर निघतो, त्याची एक नांगी अंगाएवढी मोठी, आणि ती तो वरखाली हलवत राहतो, माद्यांना दिसावी म्हणून. कुणी हात वर केला की सगळे एका क्षणात आत, आणि चिखल पुन्हा कोरा. मुळांवर खंड्या बसलेला असतो. आपल्या विहिरीवरच्या खंड्याचाच भाऊबंद, पण जाती वेगळ्या. चोच, पोट आणि पाठ यांचे रंग लिहून घ्या, नाव संध्याकाळी शोधा.

मुक्काम केलात की संध्याकाळी पॅरट आयलंडची फेरी मिळते. लहानसं कांदळवनाचं बेट, त्यावर उतरत नाहीत, बोट बाजूला उभी करतात. सूर्य कलला की आजूबाजूच्या जंगलातून पोपट यायला लागतात, आधी जोडी-जोडीने, मग थव्यांनी, आणि अंधार पडेस्तोवर कलकलाट चालतो. इथे कॅमेरा खाली ठेवलेलाच बरा, उजेड नसतोच. फ्लॅश तर नकोच.

*दिगलीपूर.* वेळ असेल तर इथे जा, आणि त्यासाठी बाकीचं काय वाटेल ते कापा. श्री विजयपुरमहून रस्त्याने पूर्ण दिवस जातो, मधे मिडल स्ट्रेटला गाडीसकट बोटीतून खाडी ओलांडावी लागते. त्यामुळे गर्दी कमी. कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात: ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, पिल्लं पुढे एप्रिलपर्यंत. वनखात्याची माणसं अंडी उबवणीच्या जागेत ठेवतात, त्यांच्याच सोबत रात्री जायचं. टॉर्च नाही, मोबाइलचा उजेड नाही, मादी वर येत असताना तिच्या समोर उभं राहायचं नाही. उजेड दिसला की ती अंडी न घालता परत फिरते.

जवळच रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं आहेत, ओहोटीला मधल्या वाळूच्या दांड्याने जोडली जाणारी. एरियल बेच्या जेट्टीवरून लहान बोट जाते. सकाळची पहिली बोट धरा. वाळूवर सुरय आणि चिखलपायी उतरलेले असतात, दुसरी बोट आली की उठून जातात.

जिथे जायचं नाही तेही सांगून टाकतो. निकोबारची बेटं पर्यटकांना खुली नाहीत. नॉर्थ सेंटिनल बेटाच्या जवळपासही जायला बंदी आहे. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त नारकोंडम बेटावर आहे, पण तिथे पर्यटकाला उतरता येत नाही, त्यामुळे तो यादीत धरू नका. बॅरन बेटावरचा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी बोटीतूनच बघायचा असतो, उतरायचं नाही. लांबचा आणि महागडा प्रवास आहे, पहिल्या खेपेला गरज नाही.

डुगाँग म्हणजे समुद्रगाय, अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. समुद्री गवत खातो, दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतो आणि फारच क्वचित दिसतो. 'हमखास दाखवतो' म्हणणारा बोटवाला एकतर खोटं बोलतोय किंवा पाठलाग करणार आहे. दोन्ही नको. डॉल्फिनच्या बाबतीतही तेच: बोट त्यांच्या मागे नाही लावायची, बाजूने त्याच दिशेला हळू चालवायची. मनात आलं तर तेच जवळ येतात.

बॅगेत काय, पोटात काय

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. दुकानदार १०×५० किंवा २०× गळ्यात मारायला बघेल. हलत्या बोटीत जितकं मोठं करून बघाल तितकं जास्त हलतं, आणि मोठी दुर्बीण तासाभरात मान मोडते. कॅमेरा असेल तर पाणी न शिरणारी पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर आलात की काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं फुकट जातात. उठल्याबरोबर कॅमेरा खिडकीबाहेर किंवा गॅलरीत ठेवा.

लांब बाह्यांचे पातळ सुती कपडे, बांधता येणारी टोपी, ओले झाले तरी चालतील असे पट्ट्याचे सँडल. खान्देशातल्या उन्हाची सवय आहे म्हणून टोपी न घेणारे बरेच असतात. आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट, आणि पाण्यावरून परत उलटून चेहऱ्यावर येणारं. घाम वाळत नाही, तहान लागलेली कळत नाही. पाण्यात उतरताना अंगभर कपडे असले तर क्रीम कमी लागतं, आणि काही क्रीमांतली रसायनं प्रवाळाला घातक असतात. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायांना खोबरेल चोपडून ठेवा.

पोटाचं जास्त जपायचं. बोटीच्या आदल्या रात्री भरीत-पुरी, शेवभाजी असलं तिखट-तेलकट काही नको. आणि रिकाम्या पोटीही बसू नका. सकाळी दोन पोळ्या किंवा केळी. (केळीच्या भावाची तुलना मनातल्या मनात करा, रावेर-यावलची माणसं तिथल्या फळवाल्याशी वाद घालताना बघितली आहेत.) बोट लागण्यावरची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी चालत नाही. रक्तदाब-साखरेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा.

बोटीत बसल्यावर

मळमळणाऱ्याने मधे किंवा मागे बसावं, तिथे हेलकावा कमी. नजर क्षितिजावर. मोबाइल, पुस्तक, कॅमेऱ्याचा पडदा, सगळं बंद. वेगवान लहान बोटीत पुढच्या टोकाला बसू नका, तिथे लाटेवर आपटून कंबर धरते. साठीच्या पुढच्यांना तर अजिबात बसवू नका.

बसण्याआधी दोन गोष्टी तपासा: प्रत्येकाला जाकीट आहे का, आणि किती माणसं चढली. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट उलटून वीसहून अधिक जण बुडाले. बोट भरलेली वाटली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. जाकिटाच्या सगळ्या पट्ट्या बांधा, नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आणि विहिरीत सूर मारणाऱ्यांनो, तुम्हीही जाकीट घाला. विहिरीला प्रवाह नसतो.

खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये स्वराज द्वीपला राधानगरजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला, म्हणजे फक्त खाडीतच भीती असंही नाही. पाटी लावलेल्या ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही. डुंगीतून (लहान होडीतून) जाताना हात-पाय बाहेर लोंबकळत ठेवायचे नाहीत. संध्याकाळनंतर खाडीच्या तोंडाशी फिरायचं नाही. मगर बघायची असेल तर ओहोटीला, सकाळच्या उन्हात, चिखलाच्या काठावर बघा. वाळका ओंडका वाटेल. ओंडक्याला डोळ्यांचे दोन उंचवटे असतील तर दुर्बीण लावा.

उरलेला वेळ वाटून घ्या. एकाने बारा ते तीन, दुसऱ्याने तीन ते सहा, असं चौघांनी चार कोपरे धरले की काही सुटत नाही. सगळेच एका बाजूला बघत असतात तेव्हाच दुसऱ्या बाजूने कासव डोकं वर काढून जातं. आणि कुणी काही पाहिलं की बोटीतल्या सगळ्यांनी एकदम त्या बाजूला धाव घ्यायची नाही, लहान बोट कलते. बसल्या जागेवरून बघा.

नोंदी वहीत करा, पेन्सिलीने. पेनची शाई दमट हवेत पसरते. वेळ, जागा, भरती की ओहोटी, काय दिसलं, काय करत होतं. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायचं असेल तर परत आल्यावर टाका.

परतीच्या विमानाआधी

आदल्या रात्री सगळ्या बॅगा उलट्या करून झटका. मुलांच्या खिशात, सँडलच्या पिशवीत, टोपीच्या घडीत शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे निघतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलणंही गुन्हाच, आणि विमानतळावर सामान तपासताना तो नेमका दिसतो. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती बॅगेत वर ठेवा. बाकी जे निघेल ते सकाळी विमानतळाकडे जाण्याआधी किनाऱ्यावर सोडून या. त्यासाठी रिक्षावाल्याला अर्धा तास आधी बोलवा.